प्रवास : आधुनिक अमेरिकन कादंबरीतील कल्पनाबंध

आधुनिक अमेरिकन कादंबरीत वारंवार येणारा व तिच्या रचनेला आधारभूत ठरलेला एक कल्पनाबंध. कथानायक घर सोडतो वा त्याला ते सोडावे लागते. नदी, समुद्र, लोहमार्ग किंवा हमरस्ता यांच्या ओघात त्याला माणसे भेटतात, प्रसंग घडतात आणि प्रवास संपतो तेथे बहुधा कादंबरीही संपते, असे त्याचे ढोबळ स्वरूप सांगता येईल. ही रचना अमेरिकेत जन्मलेली नाही. होमरचे ओडिसी हे महाकाव्य, सेर्व्हँटीसची दॉन किहोते (दोन भाग, १६०५ व १६१५) ही कादंबरी, स्पेनमधील भटक्या लफंग्यांच्या कथा आणि जॉन बन्यनचे द पिलग्रिम्स प्रोग्रेस (पहिला भाग, १६७८) हे रूपक यांचा वारसा अमेरिकन लेखकांना मिळालेला होता. परंतु अमेरिकेत या जुन्या रचनेला तेथील इतिहासाने एक नवा प्रश्न जोडला. त्या भूमीवर कोणी स्वेच्छेने आले, कोणाला साखळदंडांनी जखडून आणले गेले, तर कोणाला पिढ्यान्‌पिढ्यांच्या भूमीवरून हुसकून लावले गेले. त्यामुळे रस्ता कोठे जातो याइतकेच त्यावरून जाण्याचा अधिकार कोणाला आहे, हेही अमेरिकन प्रवासकादंबरीत महत्त्वाचे ठरते. तिच्या सुमारे दीडशे वर्षांच्या इतिहासात हा दुसरा प्रश्न प्रथम कथानकाच्या आड दडलेला होता. पुढे तो उघडपणे विचारला जाऊ लागला.

आपल्याकडील ‘यात्रा’ आणि ‘वारी’ या शब्दांत परतणे गृहीत धरलेले असते. अमेरिकन कादंबरीतील प्रवास बव्हंशी परतीचा नसतो. ‘देशोधडीस लागणे’ हा मराठी वाक्प्रचार त्यातील कित्येक कादंबऱ्यांना अधिक लागू पडतो.

आधुनिक कादंबरीच्या आधी या कल्पनाबंधाची तीन निरनिराळी रूपे तेथील गद्यात दृढ झाली होती. पहिले बंदिवासकथेचे. इंडियनांनी पकडून नेलेल्या मेरी रोलंडसन या वसाहतवासी स्त्रीने लिहिलेला वृत्तांत १६८२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याचे अनुकरण पुढे दीर्घकाळ होत राहिले. दुसरे, पळून आलेल्या गुलामांच्या आत्मकथनांचे. त्यांपैकी फ्रेडरिक डग्लसचे आत्मकथन (१८४५) सर्वांत प्रसिद्ध आहे. पहिल्या प्रकारात प्रवासी रानातून वस्तीकडे परत येतो, तर दुसऱ्यात तो वस्तीतूनच पळतो आणि उत्तरेकडील ध्रुवतारा हा त्याचा वाटाड्या असतो. तिसरे रूप सरहद्दीच्या कथेचे. जेम्स फेनिमोर कूपर (१७८९–१८५१) याने १८२३ ते १८४१ या काळात लिहिलेल्या पाच कादंबऱ्यांत नॅटी बम्पो हा शिकारी वसाहतींच्या पुढे पुढे सरकत राहतो. द प्रेअरी (१८२७) या कादंबरीत तो वृद्धपणी मिसिसिपीपलीकडील गवताळ प्रदेशात मावळतीकडे तोंड करून मरण पावतो. ज्या वसाहतींचा त्याला तिटकारा, त्यांच्यासाठी वाट पाडून देण्याचे कामही त्याच्याच हातून होते. हा अंतर्विरोध कूपरला जाणवला होता. त्याचे शब्दबंबाळ गद्य आज वाचवत नाही, तरीही त्याचे ऐतिहासिक महत्त्व मान्य करावे लागते ते यामुळेच.

सागरी प्रवासाची परंपरा काहीशी वेगळी आहे. हर्मन मेलव्हिल (१८१९–९१) हा १८४१ मध्ये देवमाशांच्या शिकारीस निघालेल्या एका जहाजावर खलाशी म्हणून गेला होता. त्या अनुभवावर उभ्या राहिलेल्या मोबी-डिक (१८५१) मध्ये नाना वंशांच्या खलाशांनी भरलेले जहाज एका माणसाच्या सूडबुद्धीपायी बुडते आणि क्वीक्वेग या दक्षिण सागरातील भालाईतासाठी केलेल्या शवपेटीच्या आधाराने निवेदक इश्मेल तेवढा वाचतो. अर्नेस्ट हेमिंग्वेची द ओल्ड मॅन अँड द सी (१९५२) ही लघुकादंबरी याच परंपरेतील म्हणता येईल, पु. ल. देशपांडे यांच्या एका कोळियाने या अनुवादामुळे ती मराठी वाचकांच्या परिचयाची आहे. पुढील काळातील प्रवासकादंबरीने मात्र मुख्यतः जमिनीचा आणि नदीचाच आश्रय घेतला.

आधुनिक अमेरिकन कादंबरीचा आरंभ मार्क ट्वेन (१८३५–१९१०) याच्या ॲडव्हेंचर्स ऑफ हकलबेरी फिन (इंग्लंडमध्ये १८८४, अमेरिकेत १८८५) या कादंबरीपासून मानण्याची प्रथा आहे. हेमिंग्वेनेही तसे मत नोंदविले आहे. दारुड्या बापाच्या मारझोडीतून निसटलेला हक हा मुलगा आणि जिम हा गुलाम मिसिसिपी नदीवरील तराफ्यावरून एकत्र प्रवास करतात. कथेचा काळ यादवी युद्धापूर्वीचा, १८४० च्या आसपासचा आहे. या कादंबरीचा लौकिक हकच्या बोलभाषेमुळे आणि तराफ्यावरील मोकळ्या जीवनाच्या वर्णनांमुळे झाला. तिचा भूगोल मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मालकीण आपल्याला ८०० डॉलरना न्यू ऑर्लीन्सकडे विकणार, हे कानी पडल्यामुळे जिम पळालेला असतो. म्हणजे त्याला भय आहे ते दक्षिणेचे. आणि मिसिसिपी तर दक्षिणेकडेच वाहते. स्वातंत्र्यासाठी निघालेला माणूस प्रत्येक रात्री गुलामगिरीच्या अधिकाधिक अंतर्भागात वाहत जातो.

समोरचा इलिनॉयचा किनारा गुलामगिरीमुक्त राज्यातील असताना जिम तेथेच का उतरत नाही, असा प्रश्न वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. मुक्ततेचा दाखला जवळ नसलेल्या कृष्णवर्णीयाला त्या राज्याच्या कायद्यान्वये पकडता येत असे आणि बक्षिसाच्या आशेने पळपुट्यांचा माग काढणारे लोक नदीकाठी वावरत असत, हे त्याचे ऐतिहासिक उत्तर होय. म्हणून दोघांचा बेत असा असतो की, ओहायओ नदी मिसिसिपीला मिळते तेथील केरो या गावी उतरावे, तराफा विकावा आणि आगबोटीने ओहायओच्या वरच्या अंगाला, मुक्त राज्यांत आत शिरावे. पण एका रात्री दाट धुके पडते व दोघांची ताटातूट होते. पुन्हा भेट झाल्यानंतर काही काळाने त्यांच्या ध्यानात येते की, केरो मागे पडले आहे आणि काठाशी वाहणारे स्वच्छ पाणी ओहायओचे आहे. सबंध कादंबरीचा काटा या ठिकाणी फिरतो.

ट्वेनने हे लेखन १८७६ मध्ये आरंभिले. केरो चुकल्यानंतर थोड्याच प्रकरणांनी ते थांबले आणि मध्ये मोठे खंड पडत १८८३ मध्ये पुरे झाले. तो स्वतः १८५९ पासून मिसिसिपीवर परवानाधारक सुकाणूधर होता. खालची नदी त्याला तळहाताप्रमाणे पाठ होती. कथेला दक्षिणेकडे नेल्याशिवाय त्याला आपली नदी वापरता येत नव्हती आणि दक्षिणेकडे नेल्यावर जिमच्या पलायनाला अर्थ उरत नव्हता. ही अडचण त्याने सोडविली असे म्हणवत नाही. अखेरच्या प्रकरणांत जिम आर्कॅन्सॉमधील एका शेतावर कोंडलेला असतो आणि टॉम सॉयर त्याच्या सुटकेचा पोरखेळ मांडतो. मालकिणीने दोन महिन्यांपूर्वीच मृत्युपत्राद्वारे जिमला मुक्त केल्याचे नंतर उघड होते. म्हणजे जिमला स्वातंत्र्य मिळते ते प्रवासामुळे मिळत नाही. प्रवास चालू असताना, त्याला नकळत, एका कागदाने ते आधीच दिलेले असते. या शेवटाविषयी समीक्षकांत मतभेद आहेत. तो कलादृष्ट्या दुबळा असला, तरी यादवी युद्धानंतर कागदोपत्री मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या प्रत्यक्ष स्थितीशी तो विलक्षण जुळतो, हे नाकारता येणार नाही.

शेवटी हक सुधारलेल्या जगापासून दूर, ‘टेरिटरी’कडे पळून जाण्याचे ठरवितो. अमेरिकन मनाला मोहविणाऱ्या कल्पनांत या पळून जाण्याचे स्थान फार वरचे आहे. ही टेरिटरी म्हणजे इंडियन टेरिटरी, म्हणजेच पुढील ओक्लाहोमा राज्याचा प्रदेश, असा अर्थ सामान्यतः घेतला जातो. तो प्रदेश रिकामा नव्हता. १८३० च्या इंडियन स्थलांतर कायद्यान्वये आग्नेयेकडील जमातींना तेथे हाकलण्यात आले होते. १८३८–३९ मध्ये चेरोकी लोकांना सैन्याच्या पहाऱ्यात जी वाटचाल करावी लागली, ती ‘अश्रूंची वाट’ म्हणून ओळखली जाते. तीत सुमारे चार हजार लोक मेले असावेत, असा अंदाज आहे. ट्वेनने हक व टॉम यांना इंडियनांमध्ये नेणारी पुढची कथा १८८४ मध्ये लिहावयास घेतली होती. ती अपुरीच राहिली.

पश्चिमेकडे मोकळी भूमी आहे, ही समजूत लवकरच अधिकृतपणेही संपली. १८६२ चा वसाहत कायदा आणि १८६९ मध्ये पुरा झालेला, दोन्ही किनारे जोडणारा लोहमार्ग यांमुळे वस्ती झपाट्याने पसरली. अखंड अशी सरहद्दीची रेषा आता दाखविता येत नाही, असे १८९० च्या जनगणनेच्या अहवालात नमूद झाले आणि त्याच्या आधारे इतिहासकार फ्रेडरिक जॅक्सन टर्नर याने १८९३ मध्ये आपला सरहद्दीविषयीचा सुप्रसिद्ध निबंध वाचला. विसाव्या शतकातील प्रवासकादंबरी ही अशा रीतीने जेथे नवी भूमी उरलेली नाही, त्या देशातील प्रवासाची कादंबरी आहे.

विल्यम फॉक्नर (१८९७–१९६२) याने या कल्पनाबंधाला जवळजवळ विडंबनाचे रूप दिले. ॲज आय ले डाइंग (१९३०) ही कादंबरी त्याने १९२९ च्या अखेरीस, मिसिसिपी विद्यापीठाच्या वीजगृहात रात्रपाळीचे काम करीत असता, काही आठवड्यांत लिहून काढली. बंड्रन हे गरीब शेतकरी कुटुंब आईचे शव तिच्या इच्छेनुसार जेफर्सन या गावी पुरण्यासाठी गाडीतून नेते. अंतर फारसे नाही. पण पुराने पूल वाहून गेलेले असतात, खेचरे बुडतात, थोरल्या मुलाचा पाय मोडतो, एका मुक्कामी गोठ्याला आग लावली जाते आणि उन्हाळ्याच्या दिवसांत शवाभोवती गिधाडे घिरट्या घालू लागतात. पंधरा पात्रे ५९ खंडांतून ही हकीकत सांगतात आणि त्यांत मृत आईचाही एक खंड आहे. प्रत्येक प्रवाशाच्या मनात स्वतःचे एक छुपे प्रयोजन असते. बापाला दातांची कवळी हवी असते. ती त्याला मिळते आणि परत निघण्याआधी नवी बायकोही मिळते. कर्तव्य, लोभ आणि दुःख ही एकाच गाडीत कशी बसतात, हे याहून निर्दय विनोदाने क्वचितच दाखविले गेले असेल. त्याच्याच लाइट इन ऑगस्ट (१९३२) मध्ये दोन वाटा समांतर जातात. लीना ग्रोव्ह ही गर्भवती तरुणी ॲलाबॅमाहून पायी निघते आणि वाटेतील प्रत्येकजण तिला काहीना काही देतो. ज्याच्या रक्ताविषयी संशय आहे, त्या जो ख्रिसमसला मात्र तोच रस्ता मृत्यूकडे नेतो.

या कल्पनाबंधाचा सर्वांत विस्तृत आविष्कार म्हणून जॉन स्टाइनबेक (१९०२–६८) याच्या द ग्रेप्स ऑफ रॉथ (१९३९) या कादंबरीकडे पाहावे लागते. ओक्लाहोमातील सॅलिसॉ गावाजवळची जमीन कर्जापायी गेल्यामुळे व ट्रॅक्टरने घर पाडल्यामुळे जोड कुटुंबातील बारा माणसे आणि केसी हा माजी धर्मोपदेशक अशी तेरा माणसे एका जुन्या हडसन मोटारीचा ट्रक करून कॅलिफोर्नियाकडे निघतात. कापूस व फळे तोडण्यासाठी मजूर हवेत अशी छापील पत्रके त्यांनी पाहिलेली असतात. १९३० नंतरच्या मंदीत व अवर्षणात दक्षिणेकडील मैदानी राज्यांतून तीन लाखांहून अधिक लोक असे कॅलिफोर्नियात गेले. स्टाइनबेकने १९३६ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को न्यूज या वृत्तपत्रासाठी त्यांच्या छावण्यांवर लेखमाला लिहिली होती. शासकीय छावणीचा व्यवस्थापक टॉम कॉलिन्स याने त्याला तपशील पुरविले. ज्या दोघांना ही कादंबरी अर्पण केली आहे, त्यांत कॉलिन्स हा एक आहे.

कादंबरीची बांधणी लक्ष देण्याजोगी आहे. जोड कुटुंबाची कथा सांगणाऱ्या प्रकरणांमध्ये लहान लहान प्रकरणे घातलेली आहेत व त्यांत सर्वच स्थलांतरितांचे सामूहिक चित्र येते : जुन्या मोटारी गळ्यात मारणारे विक्रेते, रस्त्याकडेची खानावळ, १९२६ मध्ये अस्तित्वात आलेला ६६ क्रमांकाचा हमरस्ता. या योजनेमुळे वाचक एका गाडीत बसलेला असतानाच सबंध रांगही पाहू शकतो. रस्ता कुटुंबाला झिजवीत नेतो. आजोबा पहिल्याच मुक्कामी मरतात व त्यांना रस्त्याच्या कडेला पुरावे लागते. नोआ हा मुलगा कोलोरॅडो नदीवरून निघून जातो. वाळवंट ओलांडताना आजी मरते. तपासणी नाक्यावर गाडी अडकू नये म्हणून आई ते कोणालाही कळू देत नाही आणि रात्रभर प्रेताशेजारी पडून राहते. सकाळी खोऱ्यातील हिरव्या बागा दिसतात, सर्वजण थक्क होऊन पाहू लागतात आणि तेव्हा ती आजी गेल्याचे सांगते. एखाद्या सामान्य लेखकाने कादंबरी या ठिकाणी आटोपली असती. पण हे तीस प्रकरणांपैकी अठरावे आहे. उरलेला जवळजवळ अर्धा ग्रंथ पोहोचल्यानंतरचा आहे : एका कामासाठी दहा माणसे, दर दिवसाला उतरणारी मजुरी, पोलिसांनी जाळलेल्या झोपड्या, शेवटी पूर. पूर्वीच्या कथांत पश्चिम हे प्रवासाचे फळ होते. येथे ती दुसऱ्याच्या मालकीची, कुंपण घातलेली बाग आहे.

या कादंबरीला झालेला विरोध तिच्या विषयाशी निगडित होता. कॅलिफोर्नियातील कर्न परगण्याच्या शासनाने ऑगस्ट १९३९ मध्ये तिला तेथील शाळा व ग्रंथालये यांतून बंदी केली. मुळात गरिबांनी राज्यात यावे की नाही, हाच तेथे वादाचा विषय झाला होता. १९३६ मध्ये लॉस अँजेल्सच्या पोलीसप्रमुखाने आपले पोलीस थेट राज्याच्या सीमेवर धाडून निर्धनांना परत पाठविण्याचा उद्योग केला होता. निर्धन व्यक्तीस राज्यात आणणे हा गुन्हा ठरविणारा एक कायदाही होता व त्याखाली टेक्ससहून आपल्या मेहुण्यास घेऊन आलेल्या एका नागरिकास शिक्षा झाली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर १९४१ मध्ये न्यायालयाने तो कायदा रद्द ठरविला. बहुमताने राज्याराज्यांतील व्यापाराच्या कलमाचा आधार घेतला. न्यायमूर्ती डग्लस यांनी मात्र मुक्त संचार हा राष्ट्रीय नागरिकत्वाचाच हक्क असल्याचे वेगळ्या निकालपत्रात प्रतिपादिले. जोड कुटुंबाला कथेत जो नाका ओलांडावा लागतो, त्याची प्रत्यक्षातील पार्श्वभूमी ही होती.

स्टाइनबेकच्या नजरेतून काही गोष्टी सुटल्या, हेही नमूद केले पाहिजे. सॅलिसॉ हे ओक्लाहोमाच्या अगदी पूर्वेस आहे. धुळीच्या वादळांनी उद्‌ध्वस्त झालेला प्रदेश त्याच्या पुष्कळ पश्चिमेस होता. याहून महत्त्वाचे म्हणजे सॅलिसॉ ही जुन्या चेरोकी राष्ट्राची भूमी होय. अश्रूंच्या वाटेने आलेल्या लोकांना जी जमीन कायमची म्हणून देण्यात आली, ती सामूहिक मालकीची होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिचे तुकडे पाडण्यात आले आणि त्यांतील बरेचसे गोऱ्यांच्या हाती गेले. १९०७ मध्ये तेथे ओक्लाहोमा राज्य झाले. हक ज्या टेरिटरीकडे पळू पाहतो, तिच्यातूनच पुढे जोड कुटुंबाची हकालपट्टी होते. आजोबांनी इंडियनांना मारून व पळवून जमीन घेतली, असा उल्लेख स्टाइनबेक करतो खरा. परंतु तो कुळांच्या हक्काचा पुरावा म्हणून येतो, आरोप म्हणून येत नाही. कॅलिफोर्नियाच्या शेतांत आधीपासून राबणारे मेक्सिकन व फिलिपिनो मजूरही या कादंबरीत जवळजवळ दिसत नाहीत. त्या मजुरांच्या भटकंतीची एक बाजू पाहावयाची असेल, तर कार्लोस बुलोसान या फिलिपिनो लेखकाच्या अमेरिका इज इन द हार्ट (१९४६) या आत्मचरित्रात्मक ग्रंथाकडे वळावे लागते. सनोरा बॅब (१९०७–२००५) हिचीही येथे नोंद घेणे न्याय्य होईल. ती स्वतः ओक्लाहोमात जन्मलेली होती आणि कॉलिन्सच्या हाताखाली छावण्यांत काम करीत होती. त्याच स्थलांतरितांवर तिने लिहिलेली हूज नेम्स आर अननोन ही कादंबरी एका प्रकाशनसंस्थेने स्वीकारली होती. पण स्टाइनबेकच्या यशानंतर त्याच विषयाला आता जागा नाही म्हणून ती बाजूला पडली आणि २००४ मध्ये प्रकाशित झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सुबत्तेत रस्त्याचा अर्थ पालटला. जॅक केरूॲक (१९२२–६९) याने १९४७ ते १९५० मधील आपल्या भटकंतीवर ऑन द रोड (१९५७) लिहिली. तिचा १९५१ चा खर्डा कागदाचे ताव एकमेकांना चिकटवून केलेल्या, सुमारे ३६ मीटर लांबीच्या गुंडाळीवर तीन आठवड्यांत टंकलिखित झाला होता. सॅल पॅराडाइज आणि डीन मोरिआर्टी यांना कोठे पोहोचावयाचे नाही. जाणे हेच त्यांचे साध्य आहे. कादंबरीतील एक भाग मात्र वेगळ्या कारणाने आठवणीत राहतो. सॅल कॅलिफोर्नियाच्या खोऱ्यात एका मेक्सिकन तरुणीबरोबर राहतो, तंबूत झोपतो व कापूस वेचतो. जोड कुटुंब राबले, तेच हे कापसाचे मळे. थंडी पडू लागताच तो पैशांसाठी घरी लिहितो आणि पूर्वेकडे निघून जातो. ती तरुणी व तिचे मूल तेथेच राहतात. परतीचे भाडे मिळण्याची सोय असलेला प्रवासी आणि नसलेला प्रवासी यांतील अंतर केरूॲकने न बोलता नोंदविले आहे; ते त्याला स्वतःला कितपत उमगले होते, याची शंका येते. आंतरराज्य महामार्गांचा कायदा १९५६ चा. म्हणजे ही कादंबरी प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यातील रस्ते मागे पडावयास सुरुवात झाली होती. ६६ क्रमांकाचा हमरस्ता १९८५ मध्ये अधिकृत यादीतून वगळण्यात आला. याच रस्त्यांचा काळा चेहरा व्ह्लादिमीर नाबोकॉव्हच्या लोलिता (पॅरिस १९५५, अमेरिका १९५८) मध्ये दिसतो. तीत मोटेलांची अंतहीन मालिका म्हणजे एका मुलीचा फिरता तुरुंग असतो.

कृष्णवर्णीयांसाठी हा मोकळा रस्ता कधीच मोकळा नव्हता. हार्लेममधील टपालवाटप करणारा व्हिक्टर ग्रीन याने १९३६ पासून त्यांच्यासाठी एक मार्गदर्शिका काढली; जेथे खोली, जेवण वा पेट्रोल मिळू शकेल अशा ठिकाणांची ती यादी असे. तिचे प्रकाशन १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर लवकरच थांबले. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीयांनी दक्षिण सोडून उत्तरेकडील व पश्चिमेकडील शहरे गाठली. या महास्थलांतराची प्रतिनिधिक कादंबरी म्हणून राल्फ एलिसनच्या इन्व्हिजिबल मॅन (१९५२) चा निर्देश करता येईल. दक्षिणेतील महाविद्यालयातून काढून टाकलेला तिचा निनावी नायक प्राचार्यांनी दिलेली शिफारसपत्रे घेऊन न्यूयॉर्कला येतो. पत्रे मोहोरबंद असतात. तो ती दारोदार नेऊन देतो आणि काही काळाने त्याला कळते की, या तरुणाला आशेवर ठेवून लांबच ठेवावे, असे त्यांत लिहिले आहे. प्रवाशाने कधीही पोहोचू नये, हा हुकूम त्याच्याच खिशात घालून त्याला वाटेला लावलेले असते. या एका प्रसंगात एलिसनने प्रगतीच्या कथेचे जे केले, ते शेकडो निबंधांना जमले नसते.

टोनी मॉरिसन (१९३१–२०१९) हिने प्रवासाची दिशाच उलटी केली. साँग ऑफ सॉलोमन (१९७७) मधील मिल्कमन हा सुखवस्तू तरुण पुरलेल्या सोन्याच्या लोभाने मिशिगनमधून पेनसिल्व्हेनियात आणि तेथून व्हर्जिनियातील एका खेड्यात जातो. मोटार, घड्याळ, भारी कपडे असे एकेक मागे पडत जाते. सोने मिळत नाही, परंतु मुले खेळताना म्हणत असलेल्या गाण्यात त्याला आपल्या पणजोबांचे नाव सापडते. बिलव्हड (१९८७) मध्ये ती ओहायओ नदीकडे येते. तराफ्यावरून धुक्यात जी निसटली, तीच ही नदी. सेथ ही गर्भवती गुलाम स्त्री केंटकीहून पळते. नदीकाठी, एका अनोळखी गोऱ्या मुलीच्या मदतीने, नावेत प्रसूत होते आणि पैलतीरी सिनसिनॅटीला पोहोचते. ही गोरी मुलगीही पळूनच चाललेली असते. हक आणि जिम यांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही, फक्त ही सोबत काही तासांपुरती आहे. सेथला मुक्त जीवनाचे अठ्ठावीस दिवस मिळतात. मग मालक तिला न्यावयास येतो, कारण १८५० च्या पळपुट्या गुलामांच्या कायद्याने मुक्त राज्यातूनही गुलाम परत नेता येत असे. मुलांना पुन्हा त्या नरकात जाऊ न देण्यासाठी ती आपल्या लहान मुलीला ठार करते. १८५६ मध्ये मार्गारेट गार्नर या स्त्रीच्या बाबतीत घडलेल्या घटनेचा या कथेला आधार आहे. जिम केरोला उतरला असता तर काय झाले असते, या प्रश्नाचे हे एक उत्तर होय आणि ते सुखाचे नाही.

इंडियन लेखकांच्या कादंबऱ्यांत प्रवास बहुधा घराकडे होतो. एन. स्कॉट मोमाडे (१९३४–२०२४) याची हाउस मेड ऑफ डॉन (१९६८, पुलिट्झर पारितोषिक १९६९) व लेस्ली मार्मन सिल्को हिची सेरिमनी (१९७७) या दोहोंत महायुद्धावरून आलेला, आतून मोडलेला सैनिक आपल्या वस्तीकडे परततो. तो घरी येऊन पोहोचतो तेव्हा कथा संपत नाही. खरे येणे त्यानंतर फार दिवसांनी, विधी आणि गाणी यांच्या आधाराने घडते. मोकळ्या रस्त्याच्या मोहाचा या कादंबऱ्यांत लवलेशही नाही. ज्यांच्या पूर्वजांनी अशी वाटचाल सैन्याच्या पहाऱ्यात केली, त्यांच्या साहित्यात तो नसावा यात नवल नाही.

स्त्रियांच्या वाट्याला या परंपरेत दीर्घकाळ मागे राहण्याची किंवा शिदोरी बांधून देण्याची भूमिका आली. मॅरिलिन रॉबिन्सनच्या हाउसकीपिंग (१९८०) मध्ये मावशी व भाची घराला आग लावून रात्री सरोवरावरच्या रेल्वेपुलावरून चालत जातात व भटक्या होतात. भारतात जन्मलेल्या भारती मुखर्जी यांच्या जॅस्मिन (१९८९) मधील पंजाबी विधवा फ्लॉरिडा, न्यूयॉर्क, आयोवा अशी ठिकाणे आणि प्रत्येक ठिकाणी एक नवे नाव घेत जाते. शेवटी तीही कॅलिफोर्नियाकडेच निघते.

एकविसाव्या शतकात या कल्पनाबंधाची जुनी साधने पुन्हा हाती घेतली गेली आहेत. कॉरमॅक मॅकार्थी (१९३३–२०२३) याच्या द रोड (२००६) मध्ये सर्वनाशानंतरच्या राखेतून बाप व मुलगा दुकानातील हातगाडी ढकलीत दक्षिणेकडे समुद्राच्या आशेने चालतात. रस्ता शिल्लक आहे, तो जेथे नेत असे ते जग मात्र नाही. कोलसन व्हाइटहेडच्या द अंडरग्राउंड रेलरोड (२०१६) मध्ये गुलामांना पळून जाण्यास साहाय्य करणाऱ्या गुप्त जाळ्याचे लाक्षणिक नाव शब्दशः खरे मानले आहे : जमिनीखालून खरोखरीची आगगाडी धावते आणि कोरा ही तरुणी प्रत्येक स्थानकावर निराळ्या प्रकारच्या बंधनात उतरते. पर्सिव्हल एव्हरेट याने जेम्स (२०२४, पुलिट्झर पारितोषिक २०२५) मध्ये हक फिनचीच कथा जिमच्या तोंडून सांगितली आहे. त्याचा जिम चोरून वाचावयास शिकलेला आहे. गोऱ्यांपुढे तो जी मोडकी भाषा बोलतो, ती केवळ बचावाचे सोंग असते, आणि एका दुसऱ्या गुलामाने त्याच्यासाठी चोरलेल्या पेन्सिलीने तो आपला वृत्तांत लिहितो. त्या चोरीपायी त्या गुलामाचा जीव जातो. ट्वेनच्या कथेतील पुष्कळ प्रसंग येथे येतात, पण टॉम सॉयरने आर्कॅन्सॉत मांडलेला सुटकेचा खेळ येत नाही. जिम बायको व मुलगी यांना शोधण्यासाठी नदीकाठाने माघारी फिरतो, त्यांना सोडवितो आणि त्यांच्यासह उत्तरेकडे निघतो. तेथे नाव विचारले जाते, तेव्हा तो जेम्स एवढेच सांगतो.